बोडीतली मंगली

आरमोरीच्या बाजारात धान विकून सोमाजी परतत होता, तेव्हा बोडीच्या पाळीवर त्याला अख्खं गाव उभं दिसलं. बोडी म्हणजे गावच्या धानाला पाणी पुरवणारं तळं, पाळ म्हणजे त्याचा बांध. कोणीतरी बुडालं असणार, असं त्याला वाटलं. त्याची बायको भागीरथा दीड-दोन वर्षांपासून घरची वाट विसरत होती आणि सुटली की नेमकी पाण्याकडे जात होती. बैलबंडी तिथंच सोडून तो धावत पाळीवर चढला.

कोणी बुडालं नव्हतं. गाव तमाशा पाहत होतं.

आंब्याखाली निखारेबाबा बसला होता. अंगाला राख, डोळ्यांत काजळ, आणि कमरेला कोरा करकरीत टॉर्च. आठवडाभरापूर्वी हा कुठून आला, कोणाला ठाऊक नव्हतं. पण तेवढ्यात त्यानं गावातल्या तीन कोंबड्या आणि पोतंभर तांदूळ पचवले होते. चांदा जिल्हा मुंबई राज्यात गेला त्याच्या दुसऱ्या वर्षाची ही गोष्ट. राज्य बदललं, राजधानी बदलली, बाबांच्या धंद्याला मात्र काही झालं नाही.

"आगे भूत, पीछे भूत, बाबा के हाथ में सबका सूत!" बाबा झुलत होता. समोरच्या मडक्यात निखाऱ्यांवर मिरच्या जळत होत्या. त्या धुरात एक बाई बसवलेली होती. तिचं कपाळ हळदीनं जाड लिंपलेलं होतं आणि चेले तिचे हात मागून धरून होते.

"बोल! आधीची कोण तू? या बाईच्या आधीची कोण?" बाबानं तिच्या पाठीत कडुलिंबाची फांदी मारली. "नाव सांग!"

बाई खोकली. मग लहान पोरीच्या आवाजात, अगदी स्पष्ट बोलली, "मंगली."

गर्दीतून हाय उमटली. बायकांनी पदर तोंडाला लावले. बाबानं तांब्याच्या लोट्यातलं तीर्थ त्या कपाळावर ओतलं आणि पिवळ्याधमक हळदीचं बघता बघता लाल झालं. लाल ओघळ नाकावरून हनुवटीवर आला.

"देखो, चुडैल का खून!"

निम्मी बाईमाणसं मातीत पालथी पडली. तेव्हा कुठे सोमाजीला त्या बाईचं तोंड नीट दिसलं. ती भागीरथा होती.

तो गर्दी कापत आत गेला, चेल्याचे हात झटकले आणि तिला उठवलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि ती अंग चोरून मागं सरकली. तिच्या लेखी त्याच्यात आणि त्या चेल्यात काही फरक नव्हता.

"बाबूजी, तुझ्या घरात दोन बायका आहेत," बाबा गोड हसून म्हणाला. "एक तुझी. दुसरी मंगली, याच बोडीत पोटुशी बुडालेली. उद्या दिवस वर आला की लाल विळ्याचा एकच डाग कपाळाला. मंगली जाईल, तुझी भागीरथा परत येईल. तुला ओळखेल, नावानं नाही, पण 'अहो' म्हणून हाक मारेल."

सोमाजीचे पाय तिथंच अडकले. 'अहो' ही हाक त्यानं वर्षभरात ऐकली नव्हती. क्षणभर, एकच क्षण, त्याला तो विळा बरा वाटला. मग त्याला स्वतःचीच किळस आली, आणि तो तिला धरून घरी घेऊन गेला.

परसात त्यानं तिचं तोंड धुतलं. हे आता रोजचंच होतं. तिला न्हाऊ घालणं, वेणी घालणं, लुगडं नेसवणं, सगळं तोच करायचा. आधी गाव हसलं, मग गावाला त्याची सवय झाली. तिच्या भुवईत काहीतरी पांढरं वाळलं होतं. त्यानं ते बोटांनी चोळलं. ते चिकट, गिळगिळीत होतं आणि त्याच्या नखाच्या चिरेत झोंबलं. रोज तंबाखू मळणाऱ्या माणसाला ही आग ओळखू येते. त्यानं बोट नाकाजवळ नेलं आणि जागीच थुंकला. तो चुना होता.

सून वच्छला दारात उभी होती. रडून तिचा चेहरा सुजला होता.

"मीच नेलं आत्याबाईले," ती म्हणाली. "तुमी बाजाराले गेल्ते म्हणून. यायले मारू नका, मले मारा."

'यायले' म्हणजे तिच्या नवऱ्याला, सोमाजीच्या मुलाला, पत्रूला. तो ओसरीवर खाली मान घालून बसला होता.

"काऊन नेलं?" सोमाजीनं विचारलं.

"मी काय करू, मामाजी? आत्याबाई जेवतेत, हात धुतेत, अन् शेजारी जाऊन सांगतेत का सून जेवाले देत नाई. सारं गाव मले राक्षसीण म्हणून राह्यलं. विहिरीवर बाया माह्यासंगं बोलत नाई. बाबा म्हणे, तुह्या सासूच्या पोटात दुसरीच खाते. मले वाटलं, असंन."

सोमाजीला तिच्यावर रागावता येईना. आरमोरीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्याला आधीच सांगितलं होतं: वयानं डोक्यातली स्मृती झिजते, आजची गोष्ट आधी जाते, लहानपणची शेवटी. औषध नाही, जपा. हे त्यानं घरात कोणाला समजावलंच नव्हतं. कसं समजावणार, त्याला स्वतःलाच ते पटवून घ्यायचं नव्हतं.

"बाबा म्हणते, हिच्या अंगात मंगली आहे," पत्रू खालूनच म्हणाला. "मंगली नावाची बाई ना आपल्या खानदानात, ना गावात. मग हे नाव आलं कुठून?"

सोमाजी खाटेवर बसला. ते नाव कुठून आलं, हे गावात बहुतेक त्याला एकट्यालाच ठाऊक होतं. चाळीस वर्षांत ते कोणाच्या तोंडी आलं नव्हतं. त्याच्या मनात आलं, आज आपण आडवे आलो, तरी उद्या खळ्यावर गेल्यावर हे लोक तिला परत नेतील आणि आपण येईपर्यंत कपाळ भाजलेलं असेल. हे बाबाच्या अंगणातच मोडायला हवं होतं.

"उद्या मीच घेऊन येतो तिले," तो म्हणाला.

सकाळी पाळीवर कालच्यापेक्षा जास्त माणसं होती. शेजारच्या वस्तीवरूनही आली होती. लोकांनी पोरं खांद्यावर घेतली होती, कोणी फुटाणे खात होतं. एका म्हाताऱ्या बाईचं कपाळ भाजायचं होतं आणि माणसं फुटाणे खात होती. सोमाजी त्या तोंडांकडे पाहत पुढं गेला. विळा निखाऱ्यांत लाल होत होता.

त्यानं भागीरथाला आपल्या शेजारी बसवलं, तिचा हात सोडला नाही.

"बाबा, डागाच्या आधी एक इचारतो. मंगली कोण?"

"बोल दिया ना. इसी बोडी में डूबी. पेट से थी."

"कोनाची बायको? कोनत्या सालची?"

"भूत को साल नहीं होता, बच्चा."

"पण बापाचं नाव असंन. तिलेच इचारू." सोमाजी बायकोकडे वळला आणि हळू आवाजात म्हणाला, "मंगले, तू कोनाची?"

"दौलतची," ती लगेच म्हणाली.

"गाव कोनतं?"

"येनोली. नदीपल्याड." ती इकडंतिकडं पाहू लागली. "चिंध्या कुठी गेला? शेळ्या धानात घुसल्या का बाप मले मारते."

सोमाजी गर्दीकडे वळला. "दौलत माह्या सासऱ्याचं नाव. येनोली हिचं माहेर, वैनगंगेच्या पल्याड. चिंध्या हिचा भाऊ. मानमोडीच्या साथीत ते घरच्या घर मेले, दिवा लावाले कोनी उरलं नाई. मंगळवारी जन्मली म्हणून बापानं मंगली ठेवलं. लग्नात माह्या मायनं भागीरथा केलं. बोडीत कोनी बुडालं नाई. मंगली हेच हाये, माही बायको."

 मग मागून सुकरी पुढं आली. गावातली सगळ्यांत म्हातारी बाई, तिला सगळे आजी म्हणत. काल ती पहिली पालथी पडली होती.

"खरं हाये," ती ओशाळून म्हणाली. "याच्या लग्नात ताटात तांदूळ पसरून नाव लिवलं, ते ताट मीच धरलं होतं. जुनं नाव मंगलीच होतं. इसरली मी. काल डोक्यात आलंच नाई."

बाबाचं हसू आटलं, पण तोंड बंद झालं नाही. "भूत चालाक है! नाम चुराया, बाप का नाम भी चुराया! और कल का खून? वो भी झूठ?" त्यानं लोटा उचलला.

"थांब," सोमाजी म्हणाला. त्यानं कमरेची चुन्याची डबी काढली, वच्छलानं आणलेल्या गडव्यातल्या पाण्यात बोटभर चुना कालवला. मग बाबाच्या ताटातली मूठभर हळद आपल्याच तळहाताला फासली आणि वरून ते पाणी ओतलं. हात लाल झाला. त्यानं तो वर धरला, सगळ्यांना दिसेल असा. "माह्याही अंगात चुडैल हाये का? घराघरात हळद हाये, घराघरात चुना हाये. लगनाचं कुंकू कालवताना बाया हेच करतेत. अन् हा चुना काल या बाईच्या डोळ्यांत गेला. रातभर डोळे चोळत होती."

गर्दीत हशा पिकला. तो हसण्याचा आवाजही सोमाजीला ओंगळ वाटला. हीच माणसं काल मातीत लोळत होती.

बाबानं पाहिलं, बाप्ये हातचे गेले. त्यानं बायकांकडे मोर्चा वळवला आणि लाल विळा वर उचलला. "हँसो! मगर मंगली को आज नहीं निकाला, तो तुम सब औरतों पर चढ़ेगी! एक एक के अंग से बोलेगी!"

बायका मागं सरल्या. पोरं रडायला लागली. दोघी-तिघींनी हात जोडले. भीती परत आली होती, आणि सोमाजीला कळलं की चुन्याच्या खेळानं ती जाणार नाही.

"बायांनो," तो म्हणाला, "बाबानं काय इचारलं होतं, आठवा. मारून मारून एकच इचारत होता. आधीची कोण? या बाईच्या आधीची कोण? आता मी इचारतो. तुमी लग्नाच्या आधी कोण होत्या?"

सासऱ्या-दिरांच्या देखत माहेरचं नाव घेणं म्हणजे लाजेचं काम. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. कोणी तोंड उघडेना. बाबाला हसू फुटायला लागलं.

तेवढ्यात वच्छला उठली. डोईवरचा पदर तिनं नीट केला.

"मी माहेरची इतवारी," ती म्हणाली. "इथी आल्यावर वच्छला झाली. मलेही मारलं तर मीही इतवारीच सांगन. मग मलेही डाग देसान का, बाबा?"

 मग एक बाई म्हणाली, "मी माहेरची झेलू." दुसरी म्हणाली, "मी ठमी." रुखमा म्हणून जिला गाव ओळखत होतं, ती काठुली निघाली. चाळीस-चाळीस वर्षं कोणी न उच्चारलेली नावं पदराआडून बाहेर पडू लागली. शेवटी सुकरीही म्हणाली की ती कधीकाळी राधा होती, आणि हे सांगताना तिला रडू आलं. गावातल्या प्रत्येक घरात एकेक बोडीत बुडालेली बाई स्वयंपाक करत होती, आणि बाप्यांना त्याची खबर नव्हती.

बाबाचा धंदा हाच होता. नाव बदललेल्या बाईला धुरात कोंडायचं, मारायचं, जुनं नाव वदवायचं आणि ते भुताच्या नावावर खपवायचं. तरणी बाई असेल तर तिच्या माहेरचं कोणीतरी ते नाव ओळखेल, म्हणून तो नेहमी म्हाताऱ्या, माहेर संपलेल्या, भ्रमिष्ट बायका धरायचा. त्यांच्या बाजूनं बोलणारं कोणी उरलेलं नसतं, एवढाच त्याचा सारा मंत्र.

बायकांनीच विळा हिसकावून बोडीत फेकला. बाबा आणि चेले तांदळाचं पोतं टाकून पळाले. दुपारपर्यंत गावातले शहाणे बाप्ये चावडीवर सांगू लागले, "आमाले पहिल्याच दिसी शक आला होता." बाबासाठी कापायला आणलेला बोकड त्यांनीच कापला आणि खाल्ला. सोमाजीकडे वाटा आला, तो त्यानं परत पाठवला.

आता सांगायचं ते सरळ सांगतो. भागीरथा बरी झाली नाही. होणार नव्हती. म्हातारपणी काहींचं मन मागं मागं जातं, संसार विसरतं, पोरं विसरतं, आणि लहानपणाच्या अंगणात जाऊन बसतं. हा आजार आहे. त्यात भूत नाही, करणी नाही, पाप नाही, सुनेचा दोषही नाही. तुमच्या घरी असं माणूस असेल तर त्याला डॉक्टरांना दाखवा, न्हाऊ घाला, वेळेवर जेवू घाला, एकटं सोडू नका. आणि कोणी राख फासून दारात आला, तर त्याला विचारा की हे पाणी कशाचं, हे नाव कोणाचं. विचारायला शिकलेलं असावं लागत नाही, भ्यायचं मात्र सोडावं लागतं.

त्या संध्याकाळी सोमाजी तिला भात भरवत होता. वच्छला शेजारी बसून काकडीच्या फोडी करत होती. दोन घास खाल्ल्यावर भागीरथानं त्याचा हात धरला आणि दबक्या आवाजात म्हणाली, "भाऊ, तू चांगला माणूस दिसतं. माह्या बापाले सांगशील? म्हणाव, मंगलीचं लगन इतक्यात नको करू. मले परक्या घरी नाई जावाचं."

वच्छलाचे हात थांबले. सोमाजीनं ताटातला भात पुन्हा एकदा कालवला, लहान घास केला आणि तिच्या तोंडाशी नेला.

"सांगतो," तो म्हणाला. "आता जेव."