नालीतला वास

गोंदियाबाहेर, बिरसीच्या बाजूला, धानाच्या कोंड्यातून तेल काढणारा एक कारखाना आहे. तेल सुटावं म्हणून कोंड्यात हेक्झेन सोडतात. ते दिसायला पाण्यासारखं, वासाला पेट्रोलसारखं. त्याची वाफ हवेहून जड, त्यामुळे ती वर उडून जात नाही, जमिनीलगत सरपटत जाते. पेटायला एक ठिणगी पुरते.

केशोरीची रीना मेश्राम तिथे सुरक्षा अधिकारी होती. वाफ गळली की वाजणारा भोंगा आठवडाभर बंद होता. उगाच ओरडतो म्हणून मॅनेजर हेमेंद्रनं त्याची वायर काढायला लावली होती. "नवा भोंगा येईपर्यंत प्लांट थांबवा," असं रीनानं दोनदा सांगून पाहिलं. "मॅडम, सीझन है," एवढंच उत्तर मिळालं.

त्या दुपारी ती डबा खाऊन परतत होती. नालीजवळ पेट्रोलचा वास नाकात शिरला आणि ती थबकली. नालीतल्या पाण्यावर रंगीत तवंग होता, वरची हवा थरथरत होती. ती नाली प्लांटच्या भिंतीखालून निघून थेट बॉयलरकडे जात होती. बॉयलरच्या भट्टीचं दार उघडं होतं, बॉयलरवरचा कामगार सुकराम आत तूस लोटत होता. भट्टीच्या अलीकडे, नालीवरच्या फरशीवर एक ट्रक उभा होता.

खिशातल्या मोबाइलकडे गेलेला हात रीनानं तसाच मागे घेतला; त्याचीही ठिणगी पुरली असती. तेवढ्यात ट्रकचा ड्रायव्हर कैलाश चढून बसला.

"चावी फिरवू नको!" ती किंचाळली. दार ओढून तिनं त्याचं मनगट धरलं. "खाली गॅस आहे. उतर. पळ, वाऱ्याच्या उलट दिशेनं!"

कैलाशनं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, वाद घातला नाही. उतरला आणि फाटकाकडे पळत सुटला.

"सुकरामभाऊ, भट्टीचं दार लावा! नाली बुजवा!"

"काऊन? काय झालं?"

"हेक्झेन येऊन राहिलं नालीतून!"

सुकरामनं दार लोटलं. दोघांनी आग विझवायला ठेवलेल्या वाळूच्या पिशव्या ओढल्या आणि नालीत टाकायला सुरुवात केली. डोकं गरगरत होतं, घसा जळत होता. प्रत्येक पिशवी टाकताना रीनाला वाटे, आता. आता पेटणार. सुकराम तोंडातल्या तोंडात आपल्या पोरींची नावं घेत होता.

ओरडा ऐकून हेमेंद्र ऑफिसातून आला. "क्या तमाशा है? रोज थोडा-बहुत..." बोलता बोलता त्याला नाली दिसली. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"हेक्झेनची टाकी वरून वाहून राहिली," रीना म्हणाली. "वाल्व बंद झाला नाही तर ही वाळू पुरणार नाही."

वाल्व कुठे आहे ते त्याला माहीत होतं. तो क्षणभर तिथेच उभा राहिला. मग भिंतीवरचा मास्क काढून, तोंडावर बांधून आत गेला.

बाहेरच्या दोघांचा वेळ सरता सरेना. नालीतला तवंग वाळूच्या बांधाशी येऊन साचत होता. मग तो वाढायचा थांबला. हेमेंद्र भिंत धरत धरत बाहेर आला, गुडघ्यांवर बसला आणि ओकला.

कैलाशनं फाटकाबाहेरून फायर ब्रिगेडला फोन केला होता. त्यांनी येऊन नालीभर फेस पसरला. काही पेटलं नाही.

दुसऱ्या दिवशी कारखाना निरीक्षक आले. "भोंगा कोणी बंद केला?" असं त्यांनी विचारलं. रीना बोलायच्या आधीच हेमेंद्र म्हणाला, "मैंने करवाया था." निरीक्षकांनी दारांना सील लावलं आणि नवा भोंगा बसून तपासणी होईपर्यंत प्लांट चालू करायची मनाई केली.

संध्याकाळी रीना भाड्याच्या खोलीबाहेरच्या ओट्यावर बसली होती. भूक होती, पण गॅस पेटवायचा धीर होत नव्हता. शेजारच्या खोलीत घरमालकीण देवकाबाईंच्या कुकरनं शिट्टी दिली, तशी ती चपला न घालताच रस्त्यापर्यंत धावत गेली.

"काऊन पळून राहिली वो पोरी?" देवकाबाई हसत दारात आल्या.

"आधी सिलिंडर बंद करा, काकू."

देवकाबाई आणखी काही बोलणार होत्या. पण रीना अनवाणीच रस्त्यात उभी आहे हे त्यांनी पाहिलं, आणि आत जाऊन गॅस बंद केला.