अदिबाची दोन वर्षं आणि मी, नॉर्मल

मित्रांनो, मला हात नाहीत, पाय नाहीत, गंज चढायला अंगही नाही. मी एक शब्द आहे. इंग्रजीतलं एक म्हातारं विशेषण, नॉर्मल. लोकांच्या तोंडात राहतो आणि तिथूनच जगतो.

माझं मूळ लॅटिन भाषेत. सुतार कोन तपासायला जो गुण्या लावतात, त्याला रोमन लोक 'नॉर्मा' म्हणत. गुण्याला बरोबर बसलेलं, काटकोनातलं, म्हणजे मी. तेव्हा माझा संबंध फक्त लाकडाशी आणि दगडाशी होता. पुढे इंग्रजीत आलो, तर भूमितीवाल्यांनी मला काटकोनात उभ्या असलेल्या रेषेला नेऊन चिकटवलं. सुखाची नोकरी होती ती! रेषा काही मनाला लावून घेत नाहीत.

मग साधारण दोनशे वर्षांपूर्वी माझा अर्थ बदलला. पुष्कळांसारखं असेल ते नॉर्मल, असं लोक म्हणू लागले. डॉक्टरांनी मला शरीराला लावलं, मग कोणीतरी मनाला लावलं, शेवटी लेकरांना. मला कोणी विचारलं नाही.

नाशिकला तर मला आता कोणी परका म्हणतच नाही. बीपी नॉर्मल, डिलिव्हरी नॉर्मल, चहासुद्धा "नॉर्मल की बिनसाखरेचा?" लोकांना धीर द्यायला मी फार उपयोगी पडतो. मला त्याचा अभिमान होता. अदिबा भेटेपर्यंत होता.

वडाळा नाक्याजवळ महेबूब मिस्त्रींचं फर्निचरचं दुकान आहे. वर घर. त्यांची मुलगी झेबा आपल्या लेकीला घेऊन तिथेच राहते. लेक म्हणजे अदिबा. ती दीड वर्षाची असताना झेबा एकदा तिला कडेवर घेऊन खाली आली.

"अब्बा, हिला मागून हाक मारली तर बघतच नाही हो."

"खेळात असते गं. बसव तिला इथे, आत्ता दाखवतो."

अदिबा लांब सागवानी फळीवर बसून भुसा मुठीत धरू लागली. मिस्त्रींनी फळीच्या दुसऱ्या टोकाला हातोड्याने ठक्कन ठोकलं. अदिबा गर्रकन वळली.

"बघ! माझ्यापेक्षा तिखट कान आहेत पोरीचे. एकदम नॉर्मल आहे!"

शेजारच्या लताबाई दारातच उभ्या होत्या. "आमचा नवनाथ साडेतीन वर्षांचा झाल्यावर बोलला, झेबा. आता गप बस म्हटलं तरी बसत नाही मेला. नॉर्मल असतं ते."

सगळे हसले. झेबाही हसली. आणि खरं सांगू? इतक्या शतकांनी मी पुन्हा एका सुताराच्या तोंडी आलो म्हणून माहेरी आल्यासारखा सुखावलो. चुकीच्या जागी ठेवला गेलोय, हे मला कळलंच नाही.

त्यानंतर दोन वर्षं झेबाच्या मनात जेव्हा जेव्हा शंका आली, तेव्हा कोणी ना कोणी मला पुढे करायचं. मी जायचो. ती गप्प व्हायची.

शेवटी बालवाडीच्या चैतालीताईंनी तिला बाजूला घेतलं. "झेबाताई, रागावू नका. पण एकदा कान तपासून घ्या."

तपासणी झाली. डॉक्टरबाई सांगत होत्या, तेव्हा मिस्त्री टोपी हातात घेऊन बसले होते. अदिबाला जन्मापासून जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं.

"पण ती वळली होती!" मिस्त्री म्हणाले. "मी स्वतः फळीवर ठोकून पाहिलं होतं."

"त्याच फळीवर बसली होती ना, चाचा? लाकूड हादरलं, ते तिला अंगाला कळलं. आवाज नाही कळला." मग त्या म्हणाल्या, "दीड वर्षाची असताना आणली असतीत, तर यंत्र तेव्हाच लागलं असतं. बोलणं शिकायची हीच वर्षं असतात."

जिन्यात मिस्त्री पायरीवर बसले. "मीच म्हटलं होतं, झेबा. मीच."

झेबाने त्यांच्या दंडाला धरलं. "उठा अब्बा. रिक्षावाला थांबलाय."

आता अदिबाच्या दोन्ही कानांमागे यंत्रं आहेत. पहिल्या दिवशी ती घाबरून रडली. हल्ली कुकरच्या शिट्टीला दचकते. पण साडेतीन वर्षं घरभर जिला अदिबा म्हटलं, तिला आपल्याला एक नाव आहे हेच माहीत नाही.

मित्रांनो, मला वापरूच नका असं मी म्हणत नाही. पण एखादी आई म्हणाली, "मला काळजी वाटते," तर तिचं तोंड बंद करायला मला वापरू नका. तिच्यासोबत दवाखान्यात जा. काळजी खोटी निघाली तर हसा मग, पोटभर हसा. लेकरांची वर्षं मला परत देता येत नाहीत.

हल्ली दुपारी जेवायला वर आले, की महेबूब मिस्त्री नातीसमोर मांडी घालून बसतात. आपले ओठ तिला नीट दिसावेत म्हणून मिशी बारीक करून घेतली आहे त्यांनी. ते हळू म्हणतात, "अदिबा." पुन्हा म्हणतात. ती हसून त्यांच्या हलत्या ओठांवर बोट ठेवते. आजोबांचा हा काहीतरी नवा खेळ आहे, असं तिला वाटतं.