ब्रेकमधली हवा

“हे काय आहे, बाबा?”

मुलीने पुडके टेबलावर आपटले. ते अजून फोडलेलेही नव्हते. आतल्या दोन रबरी नळ्यांचा आकार मात्र कागदावरून स्पष्ट दिसत होता. त्याने ते शिवणयंत्राच्या खणात, दिवंगत पत्नीने साठवलेल्या चिंध्यांच्या खाली दडवले होते. तिथे कोणाचा हात जाणार नाही, अशी त्याची खात्री होती.

“ब्रेकचे पाइप,” तो म्हणाला.

“ते दिसतंय मला. दुकानदार हसला माझ्या तोंडावर. म्हणे, ‘ताई, तुमच्या वडिलांनी तीन आठवड्यांपूर्वीच नेले की!’ आणि मी इथे रोज ऐकतेय, जुनी गाडी आहे, माल लांबून यायचाय, वेळ लागतो. उद्या सकाळी आठला हजर झाले नाही तर नोकरी गेली, बाबा. दोनदा मुदत मागून झाली.”

“बसने...”

“बसचं नाव काढू नका. दवाखाना एका गावात आणि पेशंट अकरा वस्त्यांत. नर्सने काय उडत जायचं?”

मोटारसायकल त्याचीच, पंचवीस वर्षांची. मुलीला नेमणुकीचे पत्र आले त्या दिवशी आनंदाच्या भरात त्यानेच ती तिला देऊन टाकली होती. त्यानंतर पंधरा दिवसांत पत्नी गेली. घरात दोन माणसे उरली आणि आता एकच उरणार होता. पुढच्या ब्रेकच्या नळ्या तडकल्या होत्या, ही गोष्ट मात्र शंभर टक्के खरी होती. बुडत्याने काडी धरावी तशी त्याने ती तडकलेली नळी धरून ठेवली होती. म्हातारपणी माणूस पुन्हा मूल होतो, असे म्हणतात. ते साफ चूक आहे. मूल ‘जाऊ नकोस’ म्हणून भोकाड पसरू शकते. त्याला ते दोन शब्द उच्चारता येत नव्हते.

“सरका. मी बदलते.”

तिने बाह्या सारल्या. काम त्यानेच शिकवलेले, त्यामुळे बोट ठेवायला जागा नव्हती. जुन्या नळ्या निघाल्या, नव्या चढल्या, तांब्याचे वायसरही तिने न विसरता नवे घातले. मग हँडलवरच्या डबीत ब्रेकचे ताजे ऑइल ओतून ती चाकापाशी बसली. राहिले ते नळ्यांतली हवा काढण्याचे काम, आणि त्याला दोन माणसे लागतात.

“दाबा.”

त्याने हँडलवरचा ब्रेक दाबून धरला. तिने चाकाजवळचे निपल, म्हणजे हवा सोडायचा बोल्ट, सैल केले. ऑइल बुडबुड्यांसह खाली धरलेल्या बाटलीत उतरले. ती निपल आवळणार, त्याच्या निमिषभर आधी त्याने मूठ ढिली केली. जेवढी हवा निघाली होती, तेवढीच निपलच्या आट्यांतून परत आत ओढली गेली.

चौतीस वर्षे त्याने बसडेपोत ब्रेकचे काम केले होते. अशी कसूर करणाऱ्याला त्याने स्वतः पाना फेकून मारला असता.

“दाबा... अजून बुडबुडे कसे? पुन्हा दाबा.”

एक खेप झाली, दोन झाल्या, चार झाल्या. ऊन ओसरीवरून भिंतीवर चढले. प्रत्येक खेपेला त्याची मूठ तेवढीच, निमिषभर, आधी सुटत होती. आणि प्रत्येक खेपेला तो स्वतःच्या नजरेतून एक पायरी उतरत होता. तरी तो थांबला नाही. संध्याकाळ झाली की ती आज निघणार नाही, एवढेच त्याला कळत होते.

अखेर तिने पाना खाली ठेवला. ब्रेक दाबून पाहिला. तो लोण्यासारखा मऊ.

“असू दे. अशीच जाते. मागचा ब्रेक आहे.”

“वेडी आहेस का? पुढे घाट आहे!”

“हळू जाईन.”

ती हेल्मेट उचलायला वळली.

“बस खाली,” तो ओरडला. “पुन्हा करू.”

“चारदा केलं.”

“पाचव्यांदा कर. बस म्हणतो ना!”

ती बसली. या वेळी तिने निपल घट्ट आवळून मान हलवल्यावरच त्याने बोटे उचलली. दहाव्या दाबाला शेवटचा बुडबुडा गेला. ब्रेक दगडासारखा झाला.

“मी मधेच सोडत होतो,” तो जमिनीकडे पाहत म्हणाला.

“माहीत आहे. दुसऱ्या खेपेपासून.”

“मग बोलली का नाहीस?”

“काय बोलू?” तिने चिंधीने हात पुसले, बराच वेळ पुसले. “डेपोतून मऊ ब्रेकची गाडी कधी सोडली नाही, हे तुमच्याकडून जन्मभर ऐकलंय. म्हटलं, मला तरी सोडतात का बघू.”

तिने पिशवी मागे बांधली.

“सकाळची गोळी उपाशीपोटी घेऊ नका. आणि रोज फोन उचला. रेंज मिळाली की करीन.”

“हळू जा.”

गाडी निघाली. तो फाटकाशी आला. गल्लीच्या टोकाला मागचा लाल दिवा लागला आणि ती थांबली. फाटक उघडून तो चार पावले धावलासुद्धा.

ती फक्त ब्रेक तपासत होती. चाक तसूभरही घसरले नव्हते.

दिवा विझला आणि गाडी वळली.