तपासणीची पेटी

शाळेच्या कोठीत, खिचडीच्या तांदळाच्या गोण्यांमागे, एक हिरवी पत्र्याची पेटी होती. ती वर्षातून दोनदा उघडायची. एकदा पावसाळा संपला की बुरशी आली का ते बघायला, आणि एकदा साहेब तपासणीला येणार असले की. आत मण्यांच्या माळा होत्या, पुठ्ठ्याचं घड्याळ होतं, अक्षरांची पानं होती आणि कागदाचे सहा पेरू होते, खऱ्यापेक्षा देखणे. सगळं प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधलेलं. त्या वस्तूंना आजवर एकाही पोराचं बोट लागलेलं नव्हतं, आणि पद्मजाबाईंना या गोष्टीचा अभिमान होता.

पद्मजाबाई शाळेच्या मुख्याध्यापिका. चौथीचा वर्गही त्याच घ्यायच्या. बदलापूरच्या कडेची चार वर्गांची शाळा. खरवईकडच्या चाळींतली आणि नव्या इमारतींच्या मागच्या खोल्यांतली पोरं यायची. बऱ्याच जणांचे बाप अंबरनाथ एमआयडीसीत कामाला. बाई इथे लागल्या त्या वर्षी त्यांनी स्वतः रात्र रात्र बसून ते पेरू केले होते आणि तेव्हापासून तपासणीची एक पद्धत बसवली होती. साहेब पहिलीत बसले की पेटी पहिलीत. साहेब उठून व्हरांड्यात आले की पेटी मागच्या खिडकीतून दुसरीत. तिथून तिसरीत, मग चौथीत. पहिलीत पेरू मोजायचे, दुसरीत त्यांची बेरीज व्हायची, तिसरीत ते वाटून द्यायचे आणि चौथीत त्यांचाच बाजार भरायचा, सगळं शिक्षकांच्याच हातांनी. चारही वर्गांत तेच सहा पेरू बघून साहेब शेरेबुकात लिहायचे, ‘शैक्षणिक साहित्याचा उत्तम वापर.’ सव्वीस वर्षांत पद्मजाबाईंच्या शाळेला एकही वाकडा शेरा मिळाला नव्हता.

म्हणूनच शलाकाच्या पाठाची जबाबदारी त्यांनी आपल्या शिरावर घेतली.

शलाका तिसरीची. हेंद्रेपाड्याहून स्कूटीवर यायची, शिक्षण सेवक म्हणून लागली होती. सेवकाची तीन वर्षं या महिन्यात भरत होती. विस्तार अधिकारी देसले साहेब तिचा पाठ बघणार, अहवाल लिहिणार आणि त्यावर तिची नोकरी पक्की व्हायची की लोंबकळायची ते ठरणार होतं. ही पोरगी पक्की व्हावी असं पद्मजाबाईंना मनापासून वाटायचं. पण तिचा वर्ग त्यांना बघवत नसे. वर्गात कोणी जागेवर नसायचं. फरशीवर खडूच्या रेघोट्या. एकदा अख्खी तिसरी व्हरांड्यात पालथी पडलेली आणि शलाका हातात झाडू घेऊन मध्ये उभी. विचारलं तर म्हणे, मीटर शिकवतेय.

“अगं, साहेबांसमोर असं करशील तर झालंच,” बाई म्हणाल्या.

“पण बाई, मला आधी ठरवून शिकवता नाही येत हो. पोरं काय बोलतात त्यावर पुढचं सुचतं मला.”

“शिकवायला कोण सांगतंय तुला? पाठ दाखवायचाय.”

शलाका हसली. बाई हसल्या नाहीत. चार दिवस रोज मधल्या सुट्टीनंतर त्या स्वतः तिसरीत जाऊन बसल्या. पाठ घड्याळाचा. पाच वेळा ठरल्या, पाच मुलं ठरली, त्यांचा क्रम ठरला. पहिली ओवी, तिने म्हणायचं सव्वाचार. मग सुयोग, साडेनऊ. मग सोनू, पावणेबारा. प्रत्येक उत्तरानंतर वर्गाने तीन टाळ्या वाजवायच्या, जास्त नाही, कमी नाही.

“बाई, मला काय विचारणार?” सनीने विचारलं.

“तुला काही नाही. तू टाळ्या वाजव.”

“मंजे मी फक्त टाळ्या?”

“जोरात वाजव.”

चौथ्या दिवशी तिसरी अशी बसली की बाईंना स्वतःचंच कौतुक वाटलं. शलाका मात्र जाताना एवढंच म्हणाली, “बाई, ओवी आता घड्याळाकडे बघतच नाही.”

“नको बघू दे. उत्तर बरोबर येतंय ना?”

तपासणीच्या दिवशी देसले साहेब साडेदहाला आले. उंच माणूस, खिशाला दोन पेनं, चहा बिनसाखरेचा. चहा संपवून म्हणाले, “आधी तिसरी बघू या का? त्या मॅडमचा अहवाल आजच द्यायचाय.”

बाईंच्या हातातली बशी तशीच राहिली. पेटी पहिलीत होती. त्यांनी साहेबांना पटसंख्येचा तक्ता दाखवायला घेतला आणि खिडकीतून अक्षय सरांना, म्हणजे पहिलीच्या सरांना, हवेत बोटाने घड्याळ काढून दाखवलं. अक्षय सरांना वाटलं, उशीर झालाय, आवरा असं बाई म्हणतायत, म्हणून त्यांनी मान डोलावली आणि पोरांना पाढे म्हणायला लावले. शेवटी बाई “आलेच हं, साहेब” म्हणत मागच्या बाजूने धावल्या, पेटी उपसली, घड्याळ ओढून काढलं आणि तिसरीच्या खिडकीतून आत दिलं. ओढताना कुठेतरी काहीतरी टक्कन वाजलं होतं. पण तेव्हा ऐकायला कुणाला सवड होती?

बाई साहेबांशेजारी मागच्या बाकावर बसल्या. शलाकाने घड्याळ वर धरलं, काटे फिरवले आणि विचारलं, “सांगा बरं, किती वाजले?”

ओवी उभी राहिली. “सव्वाचार!”

टाळ्या. तीन.

बाईंनी समाधानाने घड्याळाकडे पाहिलं आणि चष्मा सावरून पुन्हा पाहिलं. लहान काट्याची खीळ सैल झाली होती. शलाकाने चारवर लावलेला काटा हात सुटताच गळून खाली लोंबत होता, थेट सहावर. ती घड्याळ वर्गाकडे धरून मागून बघत होती; तिला बिचारीला काही दिसत नव्हतं.

“आता किती वाजले?”

“साडेनऊ!” सुयोग ओरडला. घड्याळात साडेसहा. टाळ्या. सनीच्या सगळ्यांत जोरात.

“आणि आता?”

“पावणेबारा!” सोनूने तर बाई सांगत होत्या तशी मानही वाकवली. लहान काटा सहावरच झोके घेत होता. टाळ्या.

देसले साहेबांनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. मग उठले आणि ओवीजवळ गेले. “बाळ, मघाशी पहिल्यांदा काट्यांकडे बघितलंस का? किती वाजले होते?”

ओवीने एकदा साहेबांकडे पाहिलं, एकदा पद्मजाबाईंकडे. मग समजावून सांगावं तसं म्हणाली, “सर, वाजले होते सव्वासहा. पण उत्तर सव्वाचार आहे.”

टाळ्या वाजवायच्या की नाही ते कुणाला कळेना. सनीने एक वाजवली आणि हात मागे घेतले. शलाकाने घड्याळ उलटं करून पाहिलं आणि लोंबणारा काटा बोटाने धरला. साहेब मागे येऊन बसले. त्यांनी अहवालाचा कागद मांडीवर घेतला. ‘अध्यापनाची परिणामकारकता’ या ओळीसमोर पेन टेकलं.

पद्मजाबाईंना त्या पेनाचं टोक दिसत होतं. त्यांना आठवलं, व्हरांड्यात पालथी पडलेली तिसरी आणि झाडू. मीटर म्हणजे किती, हे त्या तिसरीतल्या एकाही पोराने नंतर चुकवलं नव्हतं. त्यांच्या स्वतःच्या चौथीतली पोरं आजही चुकत होती.

“साहेब, थांबा,” त्या उभ्या राहिल्या. “हे उत्तर माझं आहे.”

“म्हणजे?”

“ओवीचं नाही आणि शलाकाचंही नाही. चार दिवस मी बसवलंय हे. कोण उठणार, काय बोलणार, टाळ्या किती, सगळं. शलाका नको म्हणत होती.” मग सुरुवात केलीच आहे तर होऊन जाऊ दे, असं त्यांना वाटलं असावं. “आणि साहेब, ते पेरूपण चारही वर्गांत तेच असतात.”

“पेरू मला माहीत आहेत, बाई,” साहेब शांतपणे म्हणाले. “एकाच्या देठाजवळ कावळ्यासारखा काळा डाग आहे. पाच वर्षं भेटतोय आम्ही.”

शलाकाला नको तिथे हसू फुटलं. तिने ओढणीने तोंड झाकलं.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. “मॅडम, आता तुम्ही शिकवा. मी बसलोय.”

शलाका टेबलापाशी गेली. मग तिने पुठ्ठ्याचं घड्याळ टेबलावर पालथं घातलं आणि वर्गाला विचारलं, “आत्ता कोणाकोणाच्या घरी आवाज करायचा नाही?”

पद्मजाबाईंना कळेना, हा काय प्रश्न झाला? पण नऊ हात वर गेले.

“पप्पा झोपलेत,” सोनू म्हणाली. “थर्ड शिफ्ट.”

“मग किती वाजता गेले होते?”

“अकराला! नाय, शिफ्ट अकराला. घरातून दहाला निघतात. रिक्षा भरेपर्यंत थांबावं लागतं ना.”

“झूठ! माझे पप्पा सव्वादहाला निघतात,” सनी उठला, “आणि तरी टाइमवर पोचतात.”

“तुझे पप्पा पळत जातात!”

“चला, फरशीवर या,” शलाका म्हणाली. मग खडूचं एक भलंमोठं वर्तुळ झालं, बाकं मागे सरकली, सुयोग उंच म्हणून मोठा काटा झाला आणि सनी बुटका म्हणून लहान. दोघं डोक्याला डोकं लावून फरशीवर आडवे. सोनूचे पप्पा निघाले की सुयोग सरकायचा, आणि “अरे, तूपण थोडा सरक ना, तास होतोय!” म्हणून अख्खा वर्ग सनीवर ओरडायचा. सनी अर्ध्या वेळा चुकीच्या बाजूला सरकला. पण साडेदहाला लहान काटा दहा आणि अकराच्या मध्ये का असतो, हे त्याने पाठीवर पडल्या पडल्या असं भांडून सांगितलं की साहेबांनी पायांतले बूट काढले आणि ते वर्तुळाच्या कडेला येऊन बसले.

“माझी सात पन्नासची बस चुकली आज,” साहेब म्हणाले. “पुढची पंचवीस मिनिटांनी आली. कितीला आली असेल?”

त्यावर जे भांडण लागलं ते खिचडी थंड होईपर्यंत चाललं.

दुपारी ऑफिसात साहेबांनी शलाकाचा अहवाल बाईंसमोर ठेवला. शेवटची ओळ बाईंनी दोनदा वाचली: ‘सेवेत कायम करण्यास शिफारस.’ वरच्या बाजूला ‘पूर्वतयारी’ या शब्दासमोर लिहिलं होतं, ‘गरजेपेक्षा जास्त. दोष शिक्षिकेचा नाही.’

मग साहेबांनी शेरेबुक ओढलं. “हा तुमचा, बाई. लिहावा लागेल मला.”

“लिहा ना,” बाई म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. साहेब गेल्यावर चष्मा पुसून त्यांनी वाचलं: ‘शैक्षणिक साहित्य मुलांच्या हातात द्यावे.’ सव्वीस वर्षांतला पहिला वाकडा शेरा. अक्षर मात्र सुरेख होतं.

शलाका दारात उभी होती. “बाई, सॉरी हो. माझ्यामुळे तुम्हाला—”

“गप बस. पेढे कधी आणतेस ते सांग. आणि बर्फी आणलीस तर चालणार नाही.”

शलाका आत आली आणि बाईंच्या खांद्यावर डोकं टेकवून उभी राहिली. बाईंनी तिच्या केसांतला खडू झटकला.

दुसऱ्या दिवशी हिरवी पेटी कोठीतून व्हरांड्यात आली आणि तिचं कुलूप बाईंनी कपाटात टाकून दिलं. मण्यांच्या माळा दुपारपर्यंत तुटल्या. घड्याळाला कोणीतरी च्युइंगगमने काटा चिकटवला आणि तो पहिल्यापेक्षा बरा बसला. बाई आपल्या खुर्चीतून बघत होत्या आणि दर थोड्या वेळाने डोळे मिटून घेत होत्या.

शनिवारी सनी धावत ऑफिसात आला. हातात पेरू. त्याला चक्क दातांचे वण.

“बाई! आत पेपर हाय!”

“तू चावलास?”

“बघत होतो फक्त.”

बाईंनी पेरू हातात घेतला. वरचा हिरवा पापुद्रा उडाला होता आणि आत एकावर एक चिकटवलेल्या जुन्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या दिसत होत्या. घरी फोडणी जळू देऊन, खळ लावून लावून बसवलेल्या. ओरडायला तोंड उघडलं होतं त्यांनी. पण सनी टाचा उंचावून पेरूत डोकावत होता आणि त्याचे ओठ हलत होते. या पोराला आपण होऊन काही वाचताना बाईंनी कधी पाहिलं नव्हतं.

“काय लिहिलंय?” त्यांनी विचारलं.

“बद... बदलापुरात... उद्या... पाणी...” सनीने पेरू फिरवला. “पुढचं आतमध्ये गेलंय, बाई. येणार का नाय येणार, ते दिसत नाय.”

बाईंनी पेरूकडे एकदा डोळे भरून पाहून घेतलं.

“मग फोड,” त्या म्हणाल्या. “आणि मोठ्याने वाच. मलाही ऐकायचंय.”