अटींत बसणारं गाव

आमच्या ज्ञानेश्वरीनं भूगोलात एम.ए. केलं आणि लॅपटॉपवर जनगणनेचा नकाशा घरात आणला. गावावर क्लिक केलं की माणसं किती, नळ किती घरांत, शाळा कितवीपर्यंत, सगळं समोर. ती शिकली ते ठीक, पण वडिलांना शिकवून बसली. रिटायर झालेल्या मास्तरांच्या हाती असली वस्तू देऊ नये.

तिला स्थळं येऊ लागली तशी आमच्या ह्यांनी पत्रिका बाजूला सारली आणि नकाशा उघडला. तुळजापूरकडच्या एका गावात दवाखाना नव्हता. परंड्याकडच्या गावात शाळा सातवीपर्यंतच. एका ठिकाणी सगळं होतं, तर म्हणे लोकसंख्या फार, पोरगी गर्दीत हरवंल. मी कपाळाला हात लावला.

मग येडशीजवळच्या गावातला दिग्विजय आला. जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला, बोलणं कमी, पण ज्ञानेश्वरी बोलू लागली की कान देऊन ऐकणारा. तिच्या मनात भरला, मलाही आवडला. ह्यांनी मात्र त्याच्या गावचा नळाचा आकडा दाखवला. ती म्हणाली, अहो अण्णा, हे दोन हजार अकराचं आहे, आता तिथं घरोघर पाणी आलंय. तर हे म्हणे, सरकारी आकडा आहे, माझा विश्वास आहे. जनगणनेच्या ड्यूटीवर वणवण करताना ह्याच आकड्यांच्या नावानं बोटं मोडणारा हा माणूस! तिकडून रविवारपर्यंत होय की नाही ते कळवा म्हणून निरोप आला होता.

शनिवारी पोरगी लॅपटॉप घेऊन ह्यांच्याजवळ बसली. म्हणाली, तुमच्या सगळ्या अटी एकदाच टाकू. हे सांगत गेले, ती टाकत गेली. नळ, दवाखाना, बारावीपर्यंत शाळा, बँक, एसटी, वस्ती मोठी पण फार मोठी नको. प्रत्येक अटीला नकाशावरची काही गावं विझत गेली. शेवटी अख्ख्या जिल्ह्यात एकच गाव रंगीत राहिलं. आमचं तेर.

मला हसू फुटत होतं, पण ह्यांचा चेहरा बघून ते गिळलं. लेक जाणार हे ह्या माणसाला सोसत नव्हतं, आणि तेवढं सोडून बाकी सगळी कारणं शोधून झाली होती. इतकी माया दाटून आली की रागवायचं राहूनच गेलं.

ज्ञानेश्वरीनं हळूच विचारलं, "अण्णा, यातली कुठली अट काढू?"

"काढ सगळ्या," हे म्हणाले.

ती एकेक काढू लागली तशी गावं परत उजळली. दिग्विजयचंही उजळलं. एकच अट उरली तेव्हा ह्यांनी तिचा हात धरला.

"एसटीची तेवढी राहू दे, बाय. मला तुझ्याकडं यायला लागंल."