हातभर पाणी

हिवाळ्यात आमच्या सांतोरिनी बेटावर पोचायचं तर देवाशीच ओळख लागते. उन्हाळ्यात बघा, बोटींची रीघ लागते, विमानं डोक्यावर घिरट्या घालतात, आणि माणसं येऊन करतात काय, तर मावळत्या सूर्याकडे पाठ करून स्वतःचेच फोटो काढतात. मी टॅक्सी चालवते, त्यांच्यावरच माझी चूल पेटते, म्हणून गप्प बसते. पण जानेवारीत इथल्याच माणसाला आपल्या घरी यायचं असलं की नेमका दक्षिणेचा वारा सुटतो. मग बसा बोंबलत.

झाम्बेता मावशीचा फोन आला तेव्हा मी पिर्गोसच्या चौकात गाडी लावून कॉफी पीत होते. तिचा नवरा अर्सेनिस शेवटच्या घटका मोजत होता. डॉक्टरने हात टेकले होते. म्हातारा शुद्धीवर आला की एकच विचारायचा, "मान्थोस आला?" मान्थोस म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा, पिरेयसच्या मोठ्या बंदरात जहाजं दुरुस्त करतो. त्याचं विमान रद्द झालं, म्हणून तो सकाळच्या बोटीने निघाला होता.

"फ्लोरा, मला बंदरावर ने," मावशी म्हणाली.

"तू कशाला दगदग करतेस? मी आणते की त्याला."

"तू वाटेत चार जणांशी गप्पा हाणत बसशील. मला ठाऊक नाही होय तू?"

म्हाताऱ्यापाशी शेजारची अन्नेझो बसली आणि आम्ही निघालो. कड्यावरून बंदराकडे उतरणारी ती नागमोडी वाट एरवी मी डोळे मिटून उतरते. त्या दिवशी प्रत्येक वळणावर वारा गाडीला ढकलत होता. मावशी मात्र पुढचे बेत आखत होती. आल्या आल्या त्याला तोंड धुवायला लावायचं, बापासमोर रडका चेहरा नको, आधी खोलीत जाऊन ये मग जेव. मी हूं हूं करत होते. समुद्राचा रंग बघून आज बोट लागणं कठीण हे मला कळलं होतं, पण तिला कोणत्या तोंडाने सांगू?

बंदरात सगळी दुकानं बंद. बोट आली ती एका अंगाला कलतच. नांगर टाकला, पाठ आमच्याकडे केली आणि मागची लोखंडी फळी खाली सोडत सरकू लागली. फळीच्या तोंडाशी, ट्रकांच्या पुढे, मान्थोस उभा. पाठीवर पिशवी, कानाला फोन. इकडे मावशीच्या कानालाही फोन.

"दिसलास रे बाळा," ती म्हणाली. "किती वाळलायस."

खलाशाने दोर फेकला. तो पाण्यात पडला. पुन्हा फेकला, धक्क्यावरच्या माणसाने खुंट्याला अडकवला, आणि वाऱ्याचा असा तडाखा आला की दोर तटकन तुटला. बोट बाहेर गेली, वळून परत आली. या खेपेला फळी धक्क्याला घासली, मग सुटली. मध्ये हातभर पाणी राहिलं असेल, कधी दोन हात, कधी त्याहून जास्त. खाली नुसता फेस उकळत होता.

मी बंदराच्या अधिकाऱ्याच्या अंगावर धावून गेले. "एका माणसाला उतरवा, एकाच. त्याचा बाप मरतोय."

"बाई, मलाही बाप आहे," तो म्हणाला. "वाऱ्याला कोण सांगणार?" शिव्या ओठांवर आल्या होत्या, त्या गिळल्या. त्याचं तरी काय चुकलं होतं?

फोनमधून मान्थोसचा आवाज मलाही ऐकू आला. "आई, मी उडी मारतो. होईल मला." दोन खलाशांनी त्याला दंडाला धरलं होतं आणि तो हिसडे देत होता.

मावशीने फळीकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं. तिच्या मनात काय चाललं असेल ते माझ्या वैऱ्याच्याही वाट्याला न येवो.

"नको," ती म्हणाली. "एक तर जातोच आहे. दुसरा नको."

फळी वर गेली. बोट पुढच्या बेटाकडे निघून गेली आणि जाता जाता फोनही कट झाला. परतीच्या वाटेवर मी रडत गाडी चालवत होते, मावशी रडत नव्हती.

घरी अन्नेझोने पेटीतून मान्थोसचा जुना लोकरी स्वेटर काढून ठेवला होता. कोणासाठी जीव घुटमळत असला की त्याचा कपडा मरणाऱ्याच्या अंगावर घालायचा, म्हणजे जिवाला वाटतं तो आला, आणि सुटका होते. आमच्याकडे असंच करतात. "घाल गं," अन्नेझो म्हणाली, "किती तळमळायचं त्याने?"

अर्सेनिसने डोळे उघडले. "आला?"

"आला," मावशी म्हणाली आणि तिने स्वेटर त्याच्या छातीवर पसरला.

म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर हसू आलं. खरंच आलं, मी पाहिलं. त्याची बोटं लोकरीवरून फिरली, बाहीपाशी गेली, बाहीत शिरली आणि आत चाचपडू लागली.

"हात कुठाय त्याचा?" तो म्हणाला.

मावशीने बाहीच्या दुसऱ्या टोकातून आपला हात आत घातला. त्याने तो पकडला, घट्ट दाबला, अंगठ्याने एकेक बोट तपासलं. सगळा जन्म ज्या हातचं खाल्लं तो हात त्याला कळणार नाही होय?

"झाम्बेता," तो म्हणाला, "तूच आहेस गं."

त्याने हात सोडला आणि दाराकडे तोंड केलं. उजाडता उजाडता गेला. डोळे दारावरच होते, आणि मावशीने कितीदा मिटले तरी ते पुन्हा उघडत होते.