पाचव्या नटाची शंका

"मामा, उभे राहा त्या पान्यावर आणि हाणा दोन लाथा! मागची चाकं मी अशीच आवळलीत." बोआतेन्ग ड्रायव्हर खिडकीतून ओरडला.

"लाथ गाढवानं मारायची," पुढच्या चाकाशी बसलेला न्यार्को मान वर न करता म्हणाला. "ताणलेला बोल्ट घट्ट वाटतो, आणि एक दिवस तुटतो."

घानातल्या कुमासी शहराच्या गाडी-स्टँडवर न्यार्को तीस वर्षं चाकं बसवत आला होता. नटावर नेमका बसणारा पाना निवडायचा, एक नट आवळला की त्याच्या समोरचा घ्यायचा, आणि जॅक उतरवून चाक जमिनीवर टेकलं की सगळे पुन्हा एकदा आवळायचे. लोक त्याला गोगलगाय म्हणत.

गाडी टेचिमानला निघून गेली. न्यार्को मक्याची पेज प्यायला बसला आणि वाटी ओठाशीच थांबली. जॅक उतरवल्यावर चार नट आवळले, तेवढ्यात स्टँडच्या मुकादमानं हाक मारली होती. पाचवा आवळला का? काही केल्या आठवेना. गाडीत अठरा माणसं होती.

त्यानं फोन लावला. बोआतेन्ग उचलेना. शेवटी पाना काखेत मारून तो एका मोटरसायकलवाल्याच्या मागे बसला. "पळव बाबा, जमेल तेवढी पळव!"

ओफिन्सोजवळ पोलिसांच्या नाक्यावर गाडी उभी दिसली तेव्हा कुठे त्याच्या जिवात जीव आला. तो तडक त्याच पुढच्या चाकाशी बसला. पाचवा नट घट्ट होता. पाचही घट्ट होते.

"एवढ्यासाठी आलात?" बोआतेन्ग खो खो हसला. "म्हातारपण आलं, मामा!"

न्यार्कोही ओशाळून हसला आणि उठू लागला. पण रताळी आणायला निघालेली सेर्वाआजी गाडीच्या दारातूनच म्हणाली, "आलाच आहेस तर बाकीचीही बघ की रे. चाक काय एकच असतं गाडीला?"

त्यानं मागच्या चाकाला पाना लावला. पहिला नट ठीक होता. दुसऱ्यावर जरा जोर दिला, तर नट तुटक्या बोल्टासकट हातात आला. तिसऱ्याचंही तेच. हसणं थांबलं.

"मामा..." बोआतेन्गचा आवाज खाली आला. "म्हणजे पुढच्या उतारावर..."

"गाडी इथून हलवू नकोस. माणसं दुसऱ्या गाडीत बसली की बोल्ट मी घेऊन येतो," न्यार्को एवढंच म्हणाला.

अर्ध्या तासानं दुसरी गाडी आली. माणसं देवाचं नाव घेत, बोचकी सावरत चढली. सेर्वाआजी तेवढी खालीच उभी राहिली.

"आजी, चढा ना!" नवा ड्रायव्हर म्हणाला.

"आधी ह्याला चाकं बघू दे. मग चढते."

ड्रायव्हरनं न्यार्कोकडे पाहिलं, त्याच्या हातातल्या पान्याकडे पाहिलं, आणि इंजिन बंद करून खाली उतरला. न्यार्को पहिल्या चाकाशी गुडघे टेकून बसला. त्याला कुणीही घाई केली नाही.